दुश्मन घरात राहायला येतो तेव्हा : ख्रिस्ती नजरेतून लोकप्रिय सिनेमा



या व्याख्यानाची सूचना फिरू लागली आणि मला दोन फोन आले. एका गृहस्थांनी विचारलं, ‘सर, आमच्या मुलांना कोणते सिनेमे दाखवावेत आणि कोणते नाही, याची यादी मिळेल ना?’ दुसरे म्हणाले, ‘हिंदी सिनेमात ख्रिस्ती माणूस नेहमी दारुडाच का असतो, त्यावर जरा कडक बोला.’ आज दोघांचीही निराशा होणार आहे. दुसऱ्यांची थोडी कमी.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सिनेमा नाही. कॅमेरा कुठं ठेवला होता आणि प्रकाश कुठून आला हे मला सांगता येणार नाही. मी तुमच्यासारखाच तिकीट काढून बसणारा माणूस. फरक इतकाच, की आमच्या घरी तिकीट काढणं हेच पाप होतं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशन कंपाउंडमध्ये आम्ही राहायचो. वडील शाळामास्तर. पाळकसाहेब वर्षातून एकदा तरी पहिल्या स्तोत्रावर उपदेश करायचे. टवाळखोरांच्या बैठकीत बसू नये, असं त्या स्तोत्रात आहे. ती बैठक नेमकी कोणती, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून येणारी टुरिंग टॉकीज!

माझा थोरला भाऊ, दादा, मला तिथं पहिल्यांदा घेऊन गेला. पैसे कमी होते म्हणून आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. मागून चित्र दिसतं, पण उलटं. अक्षरं उलटी, नायक डावखुरा. तरी गोष्ट पूर्ण कळली. घरी आल्यावर मार बसला, तो मात्र सरळ बाजूनंच बसला.

तर प्रश्न असा, की ‘ख्रिस्ती नजरेतून सिनेमा पाहणं’ म्हणजे काय? अनेकांना वाटतं, नजर म्हणजे चष्मा. आधी सिनेमा जसा आहे तसा असतो, मग आपण त्यावर धर्माची काच लावतो आणि तो विटवतो. या समजुतीला उत्तर म्हणून मी नेहमी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो. फाळक्यांनी 1910 च्या सुमारास मुंबईत गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पुढं 1917 मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि त्यांच्या मनात मात्र राम-कृष्ण उभे राहत होते. त्यातून 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. बघा, आपला सगळा सिनेमा इथून सुरू होतो : एका हिंदू माणसानं ख्रिस्ताचा सिनेमा हिंदू नजरेनं पाहिला, म्हणून. त्यांनी तो विटवला का? उलट तिथं जे त्यांना दिसलं, ते शेजारच्या खुर्चीतल्या साहेबाला दिसलं नसणार. माझं म्हणणं एवढंच आहे, की फाळक्यांना जो हक्क होता तो मलाही असावा. राम-कृष्ण मनात घेऊन त्यांनी येशू पाहिला. येशू मनात घेऊन मी ‘दीवार’ पाहतो.

आता त्या दुसऱ्या फोनबद्दल, थोडक्यात. तक्रार खरी आहे. स्मगलरचा उजवा हात रॉबर्ट, नाही तर मायकल. त्याच्या हातात ग्लास, त्याच्याबरोबर नाचणारी रोझी. 1975 च्या ‘ज्युली’मधला बाप इंजिन चालवतो आणि दारू पितो. ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी तर चर्चच्या आसपासच गुत्ता चालवतो आणि आपण सगळे त्याच्यावर फिदा! दुसऱ्या बाजूला 1959 च्या ‘अनाडी’मधली मिसेस डिसा आहे. भाडेकरूवर दिवसभर खेकसणारी आणि आतून लोण्यासारखी. ललिता पवारांनी ती अशी उभी केली, की आमच्या कंपाउंडमधल्या तीन म्हाताऱ्यांना ‘ती मीच’ असं वाटत होतं, आणि त्यांतल्या दोघींनी सिनेमा पाहिलाच नव्हता.

पण मित्रहो, पडद्यावर क्रूस किती दिसले आणि आपल्या माणसाचं नाव बरं घेतलं की वाईट, हे मोजत बसणं म्हणजे जनगणना झाली. ‘अमर अकबर अँथनी’त तीन मुलांचं रक्त तीन नळ्यांतून एकाच वेळी आईला जातं. ते पाहून वैद्यकशास्त्र रडेल, पण प्रेक्षक रडतो तो वेगळ्या कारणानं. सिनेमा कशावर विश्वास ठेवतो ते तिथं कळतं. ख्रिस्ती पात्र एकही नसलेला सिनेमा मला माझ्या श्रद्धेबद्दल जास्त विचारू शकतो. आणि विचारतो.

मी सिनेमा पाहताना एक प्रश्न धरून बसतो. या गोष्टीत कुणीतरी कुणाचं तरी भरून न येणारं नुकसान केलं आहे. आमच्या भाषेत, पाप झालं आहे. आता त्या पापाचं हा सिनेमा काय करतो? ते कोण फेडतं? कधी फेडतं? आणि ज्याचं नुकसान झालं, त्या माणसाचं पुढं काय होतं?

‘दीवार’ घ्या. 1975 सालचा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला, यश चोप्रांचा. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या कुणाला त्याची गोष्ट सांगायची गरज नाही. बाप कामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकामुलांच्या जिवावर उठतो, म्हणून तो नको त्या कागदावर सही करतो. लोक त्याला गद्दार ठरवतात, तो परागंदा होतो. आणि लोक थोरल्या मुलाच्या, विजयच्या हातावर गोंदतात : माझा बाप चोर आहे.

इथं थांबा. या एका दृश्यात मला यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय दिसतो. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही जुनी म्हण आता इस्राएलात कुणी वापरायची नाही, असं तिथं देव बजावतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडं बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू तो प्रश्नच मोडीत काढतो. ‘दीवार’मधलं गाव तो मोडीत काढत नाही, शाईनं कातडीवर लिहून टाकतं. पुढं विजय बंगला घेतो, गाडी घेतो, पण बाहीखालचा हात तोच. चुकीच्या हातावर लिहिलेलं पाप कसं पुसायचं, हा त्या सिनेमाचा प्रश्न आहे, आणि तो अस्सल धार्मिक प्रश्न आहे. विजय देवळाच्या पायऱ्यांवर बाहेर बसतो, आत जात नाही, हे काही नास्तिकपण नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा तो देवाशी चाललेला अबोला आहे. अबोला आपण परक्याशी धरत नाही. ईयोबाचं पुस्तक वाचलेल्या माणसाला ही पायरी ओळखीची वाटते.

मग शेवट. आता लूककृत शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट शेजारी ठेवा. तिथं धाकटा घर सोडतो, थोरला राबत राहतो. इथं उलट आहे. थोरला बिघडतो; धाकटा, रवी, पोलीस होतो. दाखल्यातला बाप मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळात प्रतिष्ठित माणसानं धावणं हे लाजिरवाणं, तरी धावतो. ‘दीवार’मधली आई रवीच्या हातात स्वतः पिस्तूल देते, गोळी झाडताना त्याचे हात कापू नयेत असं म्हणते, आणि मग विजयची वाट पाहायला देवळात जाते. तो येतो, पण गोळी लागून. तिच्या मांडीवर मरतो. त्या मांडीवर त्याला क्षमा मिळते, यात शंका नाही. पण ती मिळण्यासाठी त्याला आधी मरावं लागतं.

आणि हे एका ‘दीवार’चं नाही. आपल्या लोकप्रिय सिनेमाचा हा जवळजवळ कायदा आहे. पापी माणूस शेवटच्या रिळात गोळी अंगावर घेतो, दोन वाक्यं बोलतो, आणि सगळे त्याला माफ करतात. का? कारण मेलेल्या माणसाला माफ करणं सोपं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढं चहा ठेवावा लागत नाही.

एक अवांतर गोष्ट. मराठी पवित्र शास्त्रात मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की आपण पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आलो आहोत. जुन्या मराठीत खंडणी म्हणजे मांडलिकानं द्यायची रक्कम, ओलीस सोडवायची किंमत. आज हा शब्द माझ्या नातवाला सांगितला तर त्याच्या डोळ्यांपुढं बिल्डर आणि गुंड येतात. विजयच्या पहिल्या मारामारीचं कारणही गोदीतल्या हमालांकडून वसूल होणारी खंडणीच आहे. शब्द तोच, पण देणारा आणि घेणारा यांची जागा बदलली, की एका टोकाला कालवारी येते आणि दुसऱ्या टोकाला गोदी. असो.

माझ्या विषयातलं थोडं सांगतो, कंटाळू नका. हॅना आरेंट ही हिटलरच्या जर्मनीतून निसटलेली ज्यू विचारवंत. तिनं 1958 च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे, की माणसाच्या कृतीचा मोठा पेच म्हणजे ती परत घेता येत नाही. झालं ते झालं. या पेचावर माणसाजवळ एकच उपाय आहे, क्षमा. नाही तर आपण पहिल्याच चुकीला आयुष्यभर बांधलेले राहू. आणि ती लिहिते, की माणसामाणसांच्या व्यवहारातलं क्षमेचं हे स्थान शोधून काढलं ते नाझरेथच्या येशूनं. ही गोष्ट धार्मिक भाषेत सांगितली गेली म्हणून ऐहिक विचारानं ती टाकून देऊ नये. एका ज्यू बाईनं आम्हा ख्रिस्ती लोकांना आमच्याच घरातला दागिना काढून दाखवावा, हे मला नेहमी हलवून जातं.

पण क्षमेला एक सोपी, पळवाटेची आवृत्तीही असते. बोनहॉफर, ज्याला नाझींनी 1945 मध्ये फासावर दिलं, तो तिला स्वस्त कृपा म्हणायचा. पश्चात्ताप नको, भरपाई नको, थेट माफी. 2018 चा ‘संजू’ मी पाहिला तेव्हा हा शब्द आठवला. त्यात बापाचं प्रेम सुरेख दाखवलंय, परेश रावल खरोखर त्या दाखल्यातल्या बापासारखा धावतो. पण मुंबईत 1993 मध्ये जी माणसं मेली त्यांच्या घरचं कुणी त्या कथेत मुक्कामाला नाही. गुन्हेगार आपल्या बापाशी समेट करतो, मित्राशी करतो, प्रेक्षकांशी करतो, आणि उरलेला राग शेवटी वर्तमानपत्रांवर काढला जातो. नायक गोड आहे, म्हणून क्षमा. याला मी ख्रिस्ती क्षमा म्हणणार नाही, शेवटी थिएटरभर टाळ्या पडल्या तरी.

आता ज्या सिनेमासाठी मी आज इथं उभा आहे, तो. ‘दुश्मन’. दुलाल गुहा यांचा, सत्तरच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचा. राजेश खन्ना ट्रक ड्रायव्हर. रात्र ऐषआरामात घालवून पहाटे ट्रक हाणतो आणि एका शेतकऱ्याला चिरडतो. खटला उभा राहतो. न्यायाधीश म्हणतो, याला तुरुंगात टाकून त्या घरातल्या कुणाचं पोट भरणार आहे? आणि शिक्षा देतो ती अशी : दोन वर्षं त्या मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन राहा, त्याची शेती कर, त्याच्या माणसांना पोस. घरात म्हातारे सासू-सासरे, लग्नाची नणंद, लहान मुलं, आणि ती विधवा. मीनाकुमारी. तिच्या अखेरच्या दिवसांतलं काम.

माणसं त्याला नावानं हाक मारत नाहीत. त्याचं नावच पडतं ‘दुश्मन’. आणि मुलं, कारण मुलांना घरातल्या मोठ्या माणसाला नात्यानं हाक मारायची सवय असते, त्याला म्हणू लागतात ‘दुश्मन चाचा’. या दोन शब्दांवर मी वर्गात दोन-दोन तास बोललोय. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शत्रूवर प्रीती करायला सांगतो. त्यावर शेकडो टीकाग्रंथ आहेत. शत्रू कोण, प्रीती कोणती, भावना की कृती. आणि इथं एक पोर बापाला मारणाऱ्या माणसाला काका म्हणतं, पण ‘दुश्मन’ हा शब्द मात्र सोडत नाही! झालेलं विसरत नाही आणि नातंही तोडत नाही. ही अक्कल त्या लेखकाला कुठून आली असेल, देव जाणे.

‘दीवार’पेक्षा हा सिनेमा कारागिरीत बराच कच्चा आहे, हे मान्य करतो. खलनायक ठोकळेबाज, विनोद लांबलेले, मुमताज बायस्कोपची पेटी घेऊन नाचते ते गाणं छान पण गोष्टीला खीळ. तरी ‘दीवार’ जिथं संपतो तिथं ‘दुश्मन’ सुरू होतो. इथं पापी मरत नाही. रोज सकाळी उठतो, आणि त्याला भाकरी वाढायची की नाही हे कुणालातरी रोज ठरवावं लागतं. भरपाई म्हणजे भाषण नसतं, नांगरट असते. जक्कयानं झाडावरून उतरून काय केलं, आठवा. रडला नाही. हिशेब मांडला. अर्धं गोरगरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट.

आता घरचं सांगतो. दहा वर्षांपूर्वी मी हे सांगितलं नसतं.

ज्या दादानं मला तंबूत नेलं, तो 1973 साली दुष्काळात, सायकलवरून येताना ट्रकखाली गेला. सत्तावीस वर्षांचा होता. ड्रायव्हरला थोडी शिक्षा झाली, तो सुटला. सुटल्यावर एके दिवशी आमच्या दारात आला, पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन. दुष्काळ नुकता संपला होता, ज्वारीला काय मोल होतं ते जुन्या माणसांना विचारा. वडिलांनी दार उघडलं. तो काही बोलला नाही, पोतं ओसरीवर टेकवून खाली मान घालून उभा राहिला. वडीलही बोलले नाहीत. मग तो गेला. आईनं त्या पोत्याला हात लावला नाही, आम्हाला लावू दिला नाही. त्यातला दाणाही कधी दळला गेला नाही. पावसाळ्यात सोंडे लागले, मग वडिलांनी ते ओढ्यावर नेऊन ओतलं.

चर्चमध्ये मंडळी आईला समजवायची. पाळकसाहेब तर घरी येऊन बसले. तुम्ही क्षमा केल्याशिवाय देव तुम्हाला क्षमा करणार नाही, शास्त्रात लिहिलंय. लिहिलंय हे आईला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं काय केलं, तर प्रभूच्या प्रार्थनेत, जिथं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडतो असं आपण म्हणतो, त्या ओळीला ती तोंड मिटून घ्यायची. पुढची ओळ आली की परत सगळ्यांबरोबर. आणि प्रभुभोजनाला ती उठायची नाही, बाकावर बसून राहायची. खोटं बोलून भाकर घेणार नाही, म्हणायची. वर्षानुवर्षं.

पुढं मी पुण्याला नोकरीला लागलो. आई काही दिवस राहायला आली होती. एका थिएटरात मॅटिनीला जुना ‘दुश्मन’ लागला होता. मी नवा प्राध्यापक, डोक्यात तत्त्वज्ञान भरलेलं. मला वाटलं, आईला हा सिनेमा दाखवावा, तिचं मन हलकं होईल. आयुष्यात तिनं थिएटरात पाहिलेला तो पहिला सिनेमा. आज विचार केला की वाटतं, पाळकसाहेबांनी जे शास्त्र घेऊन केलं तेच मी तिकीट काढून करत होतो.

ती शेवटपर्यंत बसली. रडली नाही. बाहेर आल्यावर उन्हात डोळे बारीक करून म्हणाली, ‘त्या बाईला कुणी विचारलं का?’

मला कळेना. म्हटलं, काय विचारलं का?

‘त्याला तिच्या घरात ठेवायचं का ते.’

मित्रहो, मी तोपर्यंत तो सिनेमा तीनदा पाहिला होता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. न्यायाधीश ड्रायव्हरशी बोलतो, पोलिसांशी बोलतो, कायद्याच्या पुस्तकाशी बोलतो. पण जिचा नवरा गेला, तिच्या ओसरीवर त्या माणसाला नेऊन बसवताना तिची मर्जी हा प्रश्नच कुणाला पडत नाही. तिचं घर म्हणजे त्या माणसाच्या सुधारणेची शाळा, आणि तिचं दुःख म्हणजे अभ्यासक्रम. मुद्दा कळायला मला पुढं वीस वर्षं लागली. क्षमा मागणाऱ्याच्या सोयीनं क्षमेचं वेळापत्रक ठरवता येत नाही. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण नेताना तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. कुणाला जायला सांगितलंय? ज्यानं दुखावलंय त्याला. दुखावल्या गेलेल्याला दारात उभं करून ‘चल, पटकन माफ कर’ असं त्या वचनात कुणी म्हणत नाही. आम्ही मंडळीत नेमकं तेच म्हणत आलो. आणि बहुतेक वेळा बायकांना म्हणत आलो. दारुड्या नवऱ्याला क्षमा कर, सासूला क्षमा कर, ताई, तू ख्रिस्ती ना?

सिनेमाच्या बाजूनं एक सांगायला हवं. मीनाकुमारीची ती विधवा लगेच विरघळत नाही. बराच काळ ती त्याच्याकडं पाहतसुद्धा नाही, आणि दिग्दर्शक तिला घाई करत नाही. न्यायाधीशाला जे सुचलं नाही ते त्या नटीला कळलं होतं. शेवटी शिक्षा संपते, तेव्हा तो सुटका नको म्हणतो, मला इथंच राहू द्या म्हणून न्यायाधीशाला विनवतो. मी पूर्वी हे कृपेचं उदाहरण म्हणून सांगायचो : शिक्षेचंच घर झालं. आज सांगताना अडखळतो. या वेळीही तो विनवतो न्यायाधीशालाच. घर जिचं आहे ती शेजारी उभी असते.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही सिनेमा पाहत नाही, सिनेमाच्या नावानं कीर्तन करता. असेल. पण पापाचं पुढं काय करायचं, हे प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याला ठरवावंच लागतं, तो मानो अगर न मानो. 2016 चा ‘सैराट’ घ्या. नागराज मंजुळे काही ख्रिस्ती प्रचारक नाहीत. घरातून पळून गेलेली मुलगी, परगावी संसार, मूल. मग आईशी फोनवर बोलणं. मग एक दिवस भाऊ आणि घरची माणसं येतात, आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची हरखते. चहा ठेवते. आमच्या दाखल्यात झगा, अंगठी, पुष्ट वासरू. इथं लुगडं आणि चहाचे कप. उधळी मुलगी घराकडं परतली नाही, घरच तिच्याकडं चालून आलं, असं आपल्याला क्षणभर वाटतं, आणि तेवढ्यासाठीच तो क्षण रचलेला आहे. पुढचं तुम्ही पाहिलंय. आवाज बंद होतो, आणि ते पोर रक्तात पावलं उमटवत चालत जातं.

त्या शांततेत ख्रिस्ती माणसानं घाईघाईनं पुनरुत्थान घुसवू नये, असं माझं मत आहे. शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक शनिवार आहे, आणि त्या शनिवारी शुभवर्तमानं जवळजवळ काही बोलत नाहीत. ‘सैराट’ त्या शनिवारी संपतो. मी तीन-चार ख्रिस्ती मित्रांबरोबर तो पाहिला, आणि बाहेर पडताना एकजण म्हणाले, ‘त्यांच्या समाजात असंच आहे हो.’ त्यांच्या! मी त्यांना त्यांच्याच चर्चमधल्या एका मुलीची आठवण दिली. आपल्यातलेच, पण पूर्वीच्या वेगळ्या जातीतून आलेल्या घरातला मुलगा तिनं पसंत केला. कुणी कोयता काढला नाही, खरं आहे. लग्नाला मात्र तिच्या बाजूचं एक माणूस नव्हतं, आणि बारा वर्षं झाली, तिच्या बापानं तिच्या हातचा चहा घेतलेला नाही. तो बाप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत असतो. माझी आई उठायची नाही. तो उठतो. या दोघांत शास्त्र कुणी जास्त मनावर घेतलंय, हे मला तो सिनेमा पाहिल्यापासून रोज सतावतं.

आई 1998 मध्ये गेली. शेवटच्या आजारात नवे पाळक घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले. तरुण होते, त्यांना आमची गोष्ट ठाऊक नव्हती. प्रार्थना सुरू झाली, आम्ही सगळे मोठ्यानं म्हणत होतो. मी तिच्या ओठांकडं पाहत होतो. ते हलत होते, पण त्या वेळी ती इतकी थकली होती, की कोणत्या ओळीला हलले आणि कोणत्या नाही, हे मला कळलं नाही. तिनं भाकर घेतली.

माझा वेळ केव्हाच संपलाय, संयोजक घड्याळ दाखवताहेत. आता प्रश्न घेऊ. माईक मागं पाठवा, त्या शेवटच्या रांगेतल्या बाईंनी ‘दुश्मन’चं चाललं होतं तेव्हा दोनदा हात वर केला होता. आधी त्यांना बोलू द्या.